अखंड पट्टा

आमच्या राजारामपुरीतल्या घराच्या काँक्रीटमध्ये गेलेले सगळे पाणी गाळून घेतलेले आहे. कोल्हापुरातल्या दुसऱ्या कोणत्या इमारतीविषयी असे खात्रीने सांगता येईल, हे मला ठाऊक नाही. विहिरीतून शेंदलेले पाणी आधी दुपदरी फडक्यातून हौदात पडे, आणि फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव वरून थोडे पाणी ओतून पुन्हा त्याच विहिरीत सोडले जात. आम्हा जैनांच्या घरी पिण्याच्या पाण्यासाठी ही रीत असते; ती सिमेंटला लावावी की नाही, याविषयी शास्त्रात काही सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही. आप्पांनी ती लावली. मिस्त्रीने आपल्या माणसांना समजावले की मालक जरा वेगळे आहेत, पण वाईट नाहीत. पुढे इंजिनिअर म्हणून मी ठेकेदारांना सांगू लागले की काँक्रीटला पिण्याजोगे पाणी वापरा, तेव्हा त्यांपैकी एकालाही ते आप्पांइतके मनापासून पटलेले दिसले नाही.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. हुपरीच्या घराघरांतून चांदीचे पैंजण घडत, ते घेऊन आप्पा कोल्हापुरात आणि बाहेरगावी विकत. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे आणि बहुधा पहिलाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते हायस्कुलात संस्कृत शिकवीत आणि थोरल्या भावासमोर आले की त्यांना एकही सुभाषित आठवत नसे. आई आणि काकू स्वयंपाकघरात आपसांत भरपूर बोलत. बाहेर आल्या की गप्प होत. मला मात्र आतही बोलता येत नसे आणि बाहेरही. गणितात मार्क चांगले पडले, आणि पुढे काय शिकायचे असे कोणी विचारले तर मला उत्तर देता आले नसते, म्हणून अण्णांनी न विचारताच परगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझे नाव घातले. वर्गात मुलगी मी एकटीच. तिथे माझ्याशी कोणी बोलत नसल्यामुळे माझी फारशी अडचण झाली नाही. या वयात लिहायला बसल्यावर लक्षात येते की तोंडाने न बोललेली वाक्ये बरीच शिल्लक आहेत.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सुटीसाठी घरी आले होते. गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात आप्पांच्या खोलीत पैंजणांच्या लाकडी पेट्या एकावर एक रचलेल्या असत. त्या पहाटे जमीन हलली, त्याआधी मला ऐकू आले ते सगळे पैंजण एकदम वाजलेले, जणू बायकांची मोठी मिरवणूक माजघरातून घाईने निघाली आहे. मग फडताळातली भांडी, मग आढ्यावरची माती. आप्पा पेटीवर हात ठेवून "कोण हाय रे?" असे ओरडले, कारण त्यांना चोर वाटले. अंगणात सगळे जमलो तेव्हा काकूंच्या हातात देवाची मूर्ती होती, आईच्या हातात दुधाचे पातेले होते आणि अण्णांच्या हातात छत्री होती. छत्री का, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आले नाही. घराला फार काही झाले नाही. फक्त माजघराच्या कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून बोटभर दूर झाल्या. त्या फटीतून शेजारच्यांचा उजेड दिसू लागला, आणि शेजारच्यांना आमचा. आप्पा त्या फटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता आपलं घर बांधायचं."

राजारामपुरीत जागा घेतली गेली. एका निवृत्त ओव्हरसिअरने नकाशा काढला: विटांच्या भिंती, खाली तीन खोल्या, वर दोन, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात देवाची खोली. त्या वर्षी कोल्हापुरात जो घर बांधी, तो भूकंपाचे काहीतरी घालून मागत असे. आप्पांनीही एका संध्याकाळी मला समोर बोलावले आणि विचारले, "पद्मा, भूकंपासाठी काय घालायचं असतंय?" आमटीत काय घालायचे असते, असे विचारावे तसा त्यांचा स्वर होता. मी म्हणाले, "पट्टा." ते म्हणाले, "कुठं?" मी म्हणाले, "दारांच्या डोक्यावरून. सगळ्या भिंतींवरून. सलग." आप्पांशी तोवर झालेले माझे ते सर्वांत दीर्घ संभाषण होते. मला आणखी सांगायचे होते. भिंत एकटी उभी असली की हलते आणि पडते. चारही भिंतींना एकाच वेळी काँक्रीटचा लोखंड घातलेला पट्टा बांधला की त्या एकमेकींना धरून राहतात. आणि भूकंप पहिल्यांदा कोपरा उसवतो, म्हणून कोपऱ्यात तो पट्टा अखंड हवा. आमच्या जुन्या माजघराची फट हेच सांगत होती. पण एवढे सगळे मनात जुळवेपर्यंत आप्पांनी ओव्हरसिअरला निरोप धाडला होता, "पट्टा घाला. पोरगी म्हणत्या."

बांधकाम दत्तू मिस्त्रीकडे होते. तो गडमुडशिंगीचा. त्याची माणसे रोज सकाळी सायकलींवरून येत, आणि ती आली हे गल्लीच्या टोकापर्यंत कळे. मिस्त्रीचा आवाज मोठा, हात सफाईचा आणि स्वतःविषयीचे मत उत्तम. उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आले तेव्हा भिंती दारांच्या डोक्यापर्यंत आल्या होत्या. पट्ट्याच्या फळ्या लागल्या होत्या, सळया कोपऱ्यांतून व्यवस्थित वळवून बांधल्या होत्या. मी त्या सगळ्या हात लावून पाहिल्या आणि मला कोणी पाहू नये अशा बेताने परत आले. आता राहिले होते ते फक्त काँक्रीट ओतणे आणि जेवण.

काँक्रीट पडते त्या दिवशी मालकाने माणसांना जेवू घालायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. मिस्त्रीने विषय काढला, तो मी ओसरीवर तांदूळ निवडत असताना.

"मालक, काँक्रीटला मटान लागतंय बघा. त्याबिगर माल धरत न्हाय."

"धरंल," आप्पा म्हणाले. "पुरणपोळी घालतो."

"पुरणपोळीनं माणूस धरतंय. माल न्हाय धरत."

"आमच्यात मटान हुईत न्हाय, मिस्त्री. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय की. म्हणून तर इचारतोय, मन वळलं असलं तर बघावं." मग त्याने जरा विचार करून विचारले, "तूप?"

"पायजे तेवढं."

"मग ऱ्हाऊ द्या मटान."

ठरलेल्या दिवशी पहाटेपासून बांधकामाच्या मागच्या बाजूला तीन दगडांच्या चुली पेटल्या. आई पुरण वाटत होती, काकू कणिक तिंबत होत्या, मी पोळ्या लाटत होते. पाठीमागे घमेल्यांचा खणखणाट, वाळू-खडी फावड्याने फिरवल्याचा खरखर आवाज आणि मिस्त्रीच्या शिव्या. पुढे पाट्यावर डाळीचा मऊ आवाज. आज आठवले तरी वेलदोड्याच्या आणि ओल्या सिमेंटच्या वासांची मला फारकत करता येत नाही. लसूण-कांद्याशिवायची कटाची आमटी माणसांना कशी लागेल, अशी काकूंना काळजी होती. ती व्यर्थ ठरली. दुपारी पंगत बसली. एकाने दुसऱ्याला डिवचले, "तुझ्या सासुरवाडीत असलं मिळालं न्हाई कधी," दुसऱ्याने उत्तरादाखल आणखी पोळी मागितली, आणि तेथून चढाओढ लागली. मी लाटत राहिले. तुपाची वाटी फिरली, दूध फिरले. हात धुऊन मंडळी कडुनिंबाच्या सावलीत जरा टेकली, आणि पाहता पाहता सगळी झोपली. मिस्त्रीही झोपला. त्याला हाक मारणे आप्पांना अतिथिधर्माच्या विरुद्ध वाटले. ते खुर्चीवर बसून माणसांकडे समाधानाने पाहत होते.

माणसे उठली तेव्हा ऊन भिंतीच्या मध्यावर आले होते. पुन्हा घमेली फिरू लागली, पण दुपारच्या चढाओढीचा भार प्रत्येकाच्या चालीत दिसत होता. दिवस कलू लागला तशी मिस्त्रीने गॅसबत्ती मागितली. आप्पा म्हणाले, "बत्ती न्हाय. बत्तीवर किडंमुंग्या येऊन मरत्यात. दिवस बुडला की काम बंद." मिस्त्रीने आकाशाकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिले, आणि कामाला सभ्य शेवट कुठे देता येईल याचा हिशेब केला. तो त्याने ईशान्येच्या कोपऱ्यावर दिला. मी ताक घेऊन गेले तेव्हा तो थापीने काँक्रीटचे तोंड गुळगुळीत करत होता. कोपऱ्यावर, अगदी ओळंब्यात, सुरीने वडी कापावी तसा पट्टा थांबला होता. "बघा अक्का," तो मला म्हणाला, "थांबवलाय कसा. उद्या हितनं फुडं." मी पाहिले. भिंतीच्या मध्ये कुठेही, उतरते तोंड ठेवून तो थांबला असता तर चालले असते. कोपऱ्यावर थांबवू नका, एवढे एकच वाक्य आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. दुसऱ्या दिवशीचे काँक्रीट तिथे नुसते टेकले असते, एकजीव झाले नसते. उसवण्यासाठी भूकंपाला जी जागा लागते, ती आम्ही पुरण खाऊन नेमकी तयार करून ठेवली होती. मी मिस्त्रीला ताक दिले.

घरी जाताना मी अण्णांना ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मधे दोन प्रश्नही विचारले, आणि ते योग्य होते. मग म्हणाले, "म्हणजे तो कोपरा फोडायला हवा."

"हो. उद्या सकाळीच. घट्ट व्हायच्या आत."

"देवाच्या खोलीचा."

"हो."

"तू आप्पांना सांग," अण्णा म्हणाले. "मी सांगितलं तर ते मला विचारतील, तुला काय कळतंय. आणि मला खरंच कळत नाही."

आता आमच्या घरातल्या नियमांविषयी सांगितले पाहिजे. जैन घरांत माणसे नियम घेतात: अमुक एक वस्तू खाणार नाही, अमुक तिथीला उपवास करीन. नियम देवासमोर किंवा मुनिमहाराजांसमोर घ्यायचा असतो. एकदा घेतला की तो मोडायला सांगणाऱ्याला पाप लागते. आमच्या घरी सगळ्यांचे नियम होते. आप्पांनी वांगी सोडली होती. काकूंनी फणस सोडला होता, जो त्यांना मुळातच आवडत नसे. आईने चतुर्दशीचे मीठ सोडले होते. नियमाविषयी घरात वाद होत नसे. का सोडले, असेही कोणी विचारत नसे. जिच्या बोलण्याकडे एरवी कोणी मान वळवली नसती, अशा धाकट्या सुनेचा नियमसुद्धा सगळे घर पाळत असे. मी हे लहानपणापासून पाहत होते, पण त्याचा उपयोग असा कधी मनात आला नव्हता, आणि त्या सकाळीही तो ठरवून आला असे म्हणता येणार नाही. मी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, गेले ती आप्पांसमोर बोलायच्या वाक्याची मनातल्या मनात तालीम करायला. तांदूळ वाहून हात जोडले, तर ते वाक्य काही येईना. त्याच्याऐवजी दुसरेच आले. ते मी देवासमोर मनात उच्चारले, आणि उच्चारल्यावर मला कळले की आता ते परत घेता येणार नाही.

बांधकामावर पोचले तेव्हा माल कालवायला सुरुवात झाली होती. आप्पा खुर्चीवर होते, काकू आणि आई राहिलेली भांडी गोळा करत होत्या, अण्णा विटांच्या ढिगाआड उभे होते. मी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

"कोपरा फोडायला लागेल," मी म्हणाले.

घमेल्याचा आवाज थांबला. "कुठला कोपरा?" मिस्त्रीने विचारले. त्याला कुठला ते कळले होते. "माझा? काय वंगाळ हाय त्यात? आँ? ओळंबा लावून बघा की कुणीबी."

"वाईट नाही. पण तिथे जोड येतोय. कोपऱ्यात जोड चालत नाही."

"पुस्तकातलं सांगाय लागल्या या. मालक, ह्यो हात कोल्हापुरात कुठं कुठं फिरलाय इचारा. एक कोपरा कलंडला असंल तर मिशी काढून देतो."

"पोरीला शिकवलं ते घर फोडायला व्हय?" काकू हलक्या आवाजात आईला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा.

आप्पा मला म्हणाले, "देवाच्या खोलीचा कोपरा हाय, पद्मा. बांधायच्या आधी मोडायचा? लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "मी नियम घेतलाय."

आप्पा खुर्चीवर सरळ झाले. "कसला?"

"कोपऱ्यात पट्टा अखंड होत नाही तोवर या घरात अन्नपाणी घेणार नाही."

"कुणासमोर घेतलास?"

"देवासमोर. आत्ता."

"पाणीसुद्धा न्हाय?" आईने विचारले. हे तिचे त्या सकाळचे एकमेव वाक्य, आणि त्यात काळजी नव्हती. माहिती हवी होती.

"पाणीसुद्धा."

"किती दिवसांचा?" आप्पांनी विचारले.

"आजन्म."

काकू म्हणाल्या, "लगीन होऊन जाणारच हाय ती. तिला काय." पण म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्या थांबल्या. माहेरी आलेली लेक घराच्या उंबऱ्यावर बसून आहे, तिने पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि आत आप्पा जेवत आहेत, हे चित्र आमच्या समाजात कोणालाही न सांगता दिसते. ते आप्पांनाही दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला होता, हे खरे. पण नियम घेणाऱ्यावर रागावण्याची सोय शास्त्रात नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कोपऱ्याकडे पाहिले, आणि मग विटांच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, "धाकल्या, तुला ठावं होतं?"

"कोपऱ्याचं ठाऊक होतं," अण्णा ढिगाआडून म्हणाले. "नियमाचं नाही." ते खरे होते. मोठ्या भावासमोर त्यांनी इतके लांब वाक्य बोललेले मी प्रथमच ऐकले.

"फोडा," आप्पा म्हणाले.

मिस्त्रीने दुसऱ्या कोणाला पहार घेऊ दिली नाही. स्वतः वर चढला आणि स्वतःचा कोपरा स्वतः फोडला, प्रत्येक घावाला माझ्याकडे एकदा पाहत. तुकडे खाली पडत होते. त्यातला एक उचलून त्याने आप्पांना दाखवला. "बघा माल. कसला पक्का. ह्यात काय बी खोट न्हाय." खरोखरच खोट नव्हती. इतके चांगले, भरीव काँक्रीट मी नंतरही क्वचित पाहिले. मी त्याला तसे म्हणाले. त्याने ते ऐकून घेतले नाही. सळया मोकळ्या झाल्या, ओतलेल्या बाजूचा पट्टा भिंतीच्या मध्यापर्यंत मागे घेतला, तोंड उतरते केले, धुतले, आणि दुपार होण्याआधी राहिलेला सगळा पट्टा एका दमात ओतून झाला. जेवण त्यानंतर वाढले गेले. साधी पोळी-आमटी होती. चढाओढ झाली नाही. मिस्त्रीने आईला सांगितले, "त्या अक्कांना आधी वाढा, वैनी. न्हायतर आमच्या गळ्याखाली उतरायचं न्हाय." आप्पा उठले, आणि मला पान त्यांनी स्वतः मांडून दिले. पोळीवर तूप जरा जास्त पडले.

ते घर उभे आहे. कोयनेकडून नंतर पुष्कळ वर्षे लहानमोठे धक्के येत राहिले, आणि प्रत्येक वेळी आप्पा त्या कोपऱ्याशी जाऊन दोन भिंतींच्या मिळणीवर बोट फिरवीत. फट पडली नाही. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. शेजारच्या घरात पट्टा नव्हता, तेही उभे आहे. या व्यवसायात राहिलेल्या माणसाला याची सवय करून घ्यावी लागते की आपण बरोबर होतो की नाही, हे न कळणे हेच आपले यश.

आप्पांनी मात्र ते सिद्ध झाले असे धरले. ओळखीचे कोणी घर बांधायला काढले की मला बरोबर नेत. मी शिकून परत आले होते, पण बोलण्यात सुधारणा झाली नव्हती. तिथला मिस्त्री विचारायचा, "अक्का काय म्हणत्यात?" आप्पा सांगत, "ती काय म्हणायची न्हाय. तुमच्यात खात्या का न्हाय, तेवढं बघा." लोकांना ही गोष्ट फार आवडली. ती तोंडोतोंडी पसरली, आणि पसरताना तिच्यातला नियम गळून गेला. एवढेच उरले की या बाईंनी साइटवर काही तोंडात घातले नाही, तर कामात खोट आहे.

खूप पुढची, म्हणजे राजारामपुरीत खाली दुकाने आणि वर फ्लॅट अशा इमारती उठू लागल्या तेव्हाची गोष्ट. तळाशी भिंती नाहीत, नुसते खांब. सगळ्या इमारतीचा भार आणि उद्याच्या भूकंपाचे हेलकावे त्यांनाच पेलायचे. अशा एका कामावर मी पहिल्यांदाच गेले होते. ठेकेदार तरुण होता, अदबशीर होता. मी चप्पल सांभाळत खडीवरून आत येते तोच त्याने चहाचा कप पुढे केला. चहात आले होते. आम्ही कंदमुळे खात नाही, म्हणून मी मान हलवून कप बाजूच्या फळीवर ठेवला, आणि त्याला कारण सांगण्यासाठी वाक्य जुळवू लागले. माझे वाक्य जुळायला वेळ लागतो. तोवर ठेकेदाराने कपाकडे पाहिले, मग पलीकडच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा पडला. "सद्या," त्याने वरच्या माणसाला हाक मारली, "त्या खांबाच्या फळ्या काढ. रिंगा परत बांधायच्या. जवळ जवळ."

त्या खांबाकडे मी अजून पाहिलेही नव्हते. फळ्या निघाल्यावर पाहिले. माथ्याशी, उभ्या सळयांना कवळणाऱ्या लोखंडी रिंगा जिथे दाट हव्यात, तिथेच त्या विरळ होत्या. आल्याविषयी मी काही बोलले नाही.